चोरचोळी

आईने माझ्या पानातल्या पुरणपोळीवर तुपाची धार धरली होती, तेव्हा मी विचारलं, "रेवती कुठाय गं?"

"जेव तू आधी," आई म्हणाली. धार काही थांबली नाही.

गौरीजेवणाचा दिवस होता. कराडला आमच्या माहेरी उभ्या गौरी असतात. त्या दिवशी दुपारी सवाष्ण जेवायला बसवायची, आणि घरची लेक आली असेल तर पहिला मान तिचा. लग्न झाल्यापासून तो मान माझ्याकडे होता. शेजारच्या पाटावर दुसरी सवाष्ण, समोरच्या बंगल्यातल्या सबनीसकाकू. आईचा एक नियम होता, तिच्या सासूकडून आलेला. नैवेद्य दाखवला म्हणजे गौर जेवली असं नाही. सवाष्ण पोटभर जेवून तृप्त होऊन उठली, की मग गौर जेवली. सवाष्ण पानावरून अर्धपोटी उठली तर गौर उपाशी राहिली, आणि उपाशी गौर घरातून जाताना काय घेऊन जाईल ते सांगता येत नाही.

"आई, अगं रेवती कुठाय? सकाळी तर चांगली हसत खिदळत होती."

"बाहेरची आहे," आई म्हणाली. हे तिने मला सांगितलं नाही, काकूंकडे बघून सांगितलं.

"अगं बाई! नेमकं आजच?" काकूंनी अळूच्या भाजीत बोट बुडवून चाटलं. "गोळ्या मिळतात की हल्ली पुढे ढकलायच्या. शिकल्यासवरलेल्या मुली, एवढं कळू नये?"

"काय बोलायचं आता," आई म्हणाली आणि कुरडई वाढायला वळली.

माझा घास हातातच राहिला.

रेवती माझ्या धाकट्या भावाची, मुकुंदाची बायको. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बालवाडीत शिकवायची, त्यामुळे मोठ्या माणसांशीही हातवारे करून, डोळे मोठे करून बोलायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली होती. सकाळी आम्ही दोघी मिळून थोरल्या गौरीला साडी नेसवत होतो. निऱ्यांना लावायच्या टाचण्या तिच्या दातांत धरलेल्या. त्या तशाच धरून ती म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत. तिसरा सरत आलाय."

"काय सांगतेस!"

"हळू! आईंनी कुण्णाला सांगू नको म्हटलंय. तुम्हालासुद्धा. तीन महिने पुरे होईपर्यंत बोलायचं नसतं, दृष्ट लागते. पण मला मेलं राहवेचना."

मग तिने मला गौरीच्या पाठीमागे वाकून बघायला लावलं. भिंत आणि गौरीची कोठी यांच्या फटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिरवा खण होता, लाल काठांचा. "चोरचोळी," ती म्हणाली. तिसऱ्या महिन्यात सासू सुनेला गाजावाजा न करता हिरवी चोळी देते, ती ही. "संध्याकाळचं हळदीकुंकू आटपलं की देणार आहेत. मला दिसलाय हे त्यांना ठाऊक नाही. मी ओटीत घेताना अगदी आश्चर्य वाटल्यासारखं करणार आहे." आणि तिने ते आश्चर्य मला करूनही दाखवलं. हसता हसता टाचणी गिळायची राहिली.

तर ही बाई, हिला दिवस गेलेत, आणि आई म्हणते बाहेरची आहे.

"आई," मी म्हणाले, "इकडे ये."

"वाढतेय ना मी."

"इकडे ये म्हटलं!"

ती वाकली. मी तिच्या कानाशी विचारलं, "अंगावरून जातंय का तिच्या?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी त्या नजरेने मी जिथल्या तिथे गार व्हायचे. "तुला कुणी सांगितलं?"

"कधीपासून जातंय?"

"नैवेद्याच्या आधी तिने सांगितलं. पडून राहा म्हटलंय. राहायचं असेल तर राहील, त्याची इच्छा. तू जेव. काकू बघताहेत."

"डॉक्टरकडे?"

"सण आहे घरात, उल्के! संध्याकाळी बघू. आता चारचौघांत बोभाटा करू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातला घास पानात टाकला आणि उठले.

"उल्का!" आईचा आवाज चिरकला. हातातलं पातेलं तिने कसंबसं सावरलं. "पानावरून उठू नकोस. सवाष्ण आहेस तू. खाली बस!"

"काय झालं, काय झालं?" काकू विचारत राहिल्या.

"बस म्हणते ना मी! दोन घास खा आणि मग जा कुठं जायचं ते. गौर उपाशी राहील गं!"

"राहू दे," मी म्हणाले.

पीतांबर नेसलेला मुकुंदा गौरीसमोर उभा राहून आमच्याकडे पाहत होता. बाहेरच्या खोलीत वडिलांच्या, अण्णांच्या आरामखुर्चीचा आवाज आला आणि बंद झाला. तेही उठून आले नाहीत. घरात काही वाजलं की अण्णांना ऐकू येत नसे.

मागच्या अंगणात न्हाणीघराला लागून एक खोली होती. जुन्या गाद्या, मोडकी सायकल आणि नारळाच्या करवंट्या. आमच्या लहानपणी आई तिथे चार दिवस बसायची, मीही बसले होते. मुकुंदाच्या लग्नानंतर ते सगळं बंद केलं होतं. आजकाल कोण पाळतं, असं आई स्वतःच चारचौघींत सांगायची. आज दार लोटलेलं होतं. उंबऱ्याच्या आत ताट सरकवून ठेवलं होतं. वरणभातावर माशा बसल्या होत्या.

रेवती चटईवर कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मला बघितल्यावर ती भिंतीकडे सरकली.

"ताई, शिवू नका. तुम्ही पानावर बसला होतात ना?"

खाली बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. केस घामाने ओले होते. ती एकदम रडायला लागली, आवाज न करता, माझ्या भरजरी साडीत तोंड खुपसून.

"दुखतंय?"

"कळा येताहेत. आणि खूप जातंय, ताई. आई म्हणाल्या, हलू नकोस, पडून राहिलीस तर थांबेल. म्हणून मी हललेच नाही. मघाशी पाणी हवं होतं, तरी उठले नाही." तांब्या तिच्या हातापासून लांब, दाराशी होता.

"मुकुंदा आला होता?"

"दारातनं विचारून गेले. सोवळ्यात होते ना."

काय सांगू, त्या क्षणी माझा भाऊ समोर असता तर त्याच्या पीतांबरासकट मी त्याला न्हाणीत बुचकळून काढला असता. ह्याच मुकुंदाला मी कडेवर घेऊन वाढवला होता.

तिला धरून उठवलं, माझा शेला तिच्या कमरेला गुंडाळला आणि अंगणात आणलं तर आई मागच्या फाटकाशी उभी. कडी काढून तयार.

"जायचंच असेल तर इकडून ने," ती म्हणाली. "बोळातून रिक्षा मिळेल. पुढून नको, काकू बसल्यात."

"का? चोरी केलीय हिने?"

"उल्के, तुझ्या पाया पडते. सणाच्या दिवशी गौरीसमोरून असलं..."

"असलं म्हणजे कसलं? बोल की! असलं म्हणजे काय?"

मी ते ओरडून विचारलं. आणखी एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तिच्या पोटात तुझं नातवंड आहे, हे मला काकूंच्याच काय, अख्ख्या गल्लीच्या कानात घालायचं होतं. पण रेवतीने माझा दंड दाबला.

"नको, ताई. अजून तीन पुरे झाले नाहीत. बोलू नका." तिला अजून आशा होती. बोललं तर जाईल, गप्प राहिलं तर राहील, असं तिला वाटत होतं. मी ओठ दातांखाली धरले.

पण मागच्या फाटकाने मी तिला नेलं नाही. स्वयंपाकघरातून, पानांच्या मधून, गौरींच्या समोरून, पुढच्या दाराने नेलं. काकूंनी पाय आखडून घेतले. आई मागून म्हणत होती, "सगळा विटाळ कालवलास घरात!" मी वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तोंडाला येईल ते बोलले असते आणि रेवतीला उभं राहवत नव्हतं.

रिक्षावाला मात्र शहाणा निघाला. एकदा आरशात बघितलं आणि खड्डे चुकवत हळू चालवायला लागला. रेवती माझा हात धरून मोठ्याने काहीतरी मोजत होती. मी विचारलं काय मोजतेस, तर म्हणाली बालवाडीतल्या मुलांची नावं घेतेय. बरं वाटतं.

स्टँडमागे शिराळकर बाईंचा दवाखाना होता. सणामुळे रिकामा. बाई घरातून पानावरूनच उठून आल्या असाव्यात, हाताला हळदीचा वास येत होता. त्यांनी सोनोग्राफी केली, पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी बघत राहिल्या. रेवती छताकडे बघत होती. मी बाईंकडे. मला कळलं ते तिच्या आधी कळलं, आणि मला ते तिच्याआधी कळायला नको होतं.

"ठोके नाहीत," बाई म्हणाल्या. "हे आजचं नाही, बाळा. वाढ आठ-दहा दिवसांपूर्वीच थांबली असावी. तुझं काही चुकलेलं नाही. काही उचललंस, धावलीस, खाल्लंस, असलं काही मनात आणायचं नाही. अशी पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळांची जातात. लोक बोलत नाहीत म्हणून वाटतं, आपल्यालाच झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रक्त बरंच गेलंय. पिशवी साफ करावी लागेल. मिस्टर कुठे आहेत?"

मिस्टर आले. पीतांबरावर शर्ट चढवून, पायांत अण्णांच्या चपला. सही केली आणि बाकावर बसून म्हणाला, "आईला कसं सांगायचं आता?"

"मुकुंदा," मी म्हणाले, "तुझी बायको आत आहे."

"हो, पण..."

"पण काय? सोवळं मोडेल? ऊठ! आत जा आणि तिचा हात धर. आणि आईचं नाव पुन्हा काढलंस ना, तर इथल्या इथे कानाखाली वाजवीन. नर्स बघत असली तरी!"

तो गेला. मोठा झाल्यापासून मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं.

संध्याकाळी रेवती शुद्धीवर आली तेव्हा खिडकीतून आरतीच्या झांजा ऐकू येत होत्या. ती पांढरीफटक पडली होती. मी म्हटलं, घरी जाऊन तुझे कपडे घेऊन येते.

"ताई, हळदीकुंकवाच्या बायका आल्या असतील. माझं विचारतील." तिने ओठ ओले केले. "मी बाहेरची नव्हते, एवढं सांगाल? मला दिवस होते. होते ना?"

"होते गं."

"मग तेवढं सांगा. आता सांगायला काय हरकत आहे?"

घरी पोचले तर दिवाणखाना बायकांनी भरलेला. अत्तर, गजरे, खोबऱ्याच्या खिरापतीचे द्रोण. आई ठेवणीतली पैठणी नेसून सगळ्यांना हळदीकुंकू लावत होती. मुकुंदाने फोन करून तिला सगळं कळवलं होतं, हे मला माहीत होतं. कुणीतरी विचारत होतं, "सूनबाई दिसत नाहीत?"

"बाहेरची आहे," आई म्हणाली. हातातला करंडा जराही हलला नाही.

"नाहीये," मी दारातून म्हणाले. "ती दवाखान्यात आहे. तिला दिवस गेले होते. तिसरा महिना होता. दुपारी मूल गेलं."

एकीच्या हातातली अत्तराची काडी तशीच राहिली. सबनीसकाकू पुढे आल्या, माझ्याकडून आईकडे पाहू लागल्या. सगळ्याच आईकडे पाहत होत्या. आणि माझी आई, हो, माझी सख्खी आई, हसली.

"काहीतरीच," ती म्हणाली. "उल्काचं डोकं असंच तापतं. पाळी जरा पुढे गेली होती, दुसरं काही नाही. बसा हो, खिरापत घ्या."

बायका बसल्या. खिरापत घेतली. मला वाटलं, ह्या घराला आग लावावी.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "तू खोटं बोललीस."

"आणि तू शहाणपणा केलास? काय मिळालं सांगून? उद्या गल्लीत कुजबुज होईल. हिचं राहत नाही म्हणून ठप्पा बसेल पोरीवर. तीन महिने बोलायचं नाही हे उगाच सांगितलंय का? गेलंच तर कुणाला उत्तरं द्यावी लागू नयेत म्हणून! डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, लगेच नेलं असतं तरी काही फरक पडला नसता?"

"पडला असता! ती एकटी नसती. त्या गाद्यांमध्ये तहानलेली पडली नसती, उठलं तर मूल पडेल म्हणून पाण्यालाही न उठता! तुला उत्तरं द्यावी लागू नयेत म्हणून तिला रडायला माणूस ठेवलं नाहीस तू. आई, तू तिला स्पर्शसुद्धा केला नाहीस गं!"

आईने ओट्याला धरलं. तोंड माझ्याकडे नव्हतं. "मलाही नातवंड हवंच होतं," ती म्हणाली.

"मग तसं म्हण. बाहेर जा आणि त्या बायकांना म्हण."

ती जागची हलली नाही.

"ठीक आहे," मी म्हणाले. "जोवर तू चार बायकांसमोर तुझ्या तोंडाने सांगत नाहीस, की हिला दिवस होते, तोवर तुझ्या गौरीच्या पानावर मी बसणार नाही. मान तुझ्यापाशीच ठेव."

मी बाहेर आले, सगळ्यांच्या देखत गौरीच्या मागे हात घातला आणि वर्तमानपत्रातला खण काढला. आईने तो ओळखला. अडवलं नाही.

दवाखान्यात मी तो रेवतीच्या हातात दिला. तिने कागद उघडला. सकाळी केलं होतं तसलं आश्चर्य तिच्या तोंडावर नव्हतं. काठावरून अंगठा फिरवत म्हणाली, "आईंनी दिला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "मी काढून आणला. पण तो तुझाच आहे."

"माझाच आहे," ती म्हणाली आणि उशीखाली ठेवला.

तिने तो शिवून घेतला. पुढच्या वर्षी गौरीजेवणाला तीच चोळी घालून वाढायला उभी राहिली, पोटात ऋजुता होती तेव्हा. आईने पाहिलं आणि मान फिरवली. त्यानंतर दर गौरीला रेवती तीच घालायची. बाळंतपणांनी अंग भरलं तशी ती उसवून, कडेला पट्ट्या लावून घातली. कुणी विचारलं तर साधेपणाने सांगायची, "माझ्या पहिल्याची चोरचोळी आहे." विचारणारी बाई गडबडून जायची. आई जवळ असली तर पदर सारखा करत आत निघून जायची. मीही दर वर्षी जायचे. गौरी सजवायचे, पुरण वाटायचे, आणि पानं मांडली की स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच जेवायचे. रेवती म्हणायची, "ताई, आता पुरे झालं, माझ्यासाठी तरी बसा." मी म्हणायचे, तुझ्यासाठीच बसत नाहीये. अण्णा गेले, गौरी रेवतीच्या हाती आल्या, आईला खुर्चीतून उठायला आधार लागू लागला. पण मायलेकी दोघीही एकाच मातीच्या. ती बोलली नाही आणि मी बसले नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारी पानं मांडली होती. सबनीसकाकू आता पाटावर बसू शकत नाहीत, त्यांना खुर्ची दिली होती. काका अजून आहेत, त्यामुळे मान चालू. त्यांची सून होती, आणि शेजारी नव्याने राहायला आलेली एक बाई. मी नेहमीसारखी ओट्याशी. रेवती भात वाढत होती, तेव्हा ती नवी बाई म्हणाली, "काय सुंदर खण आहे हो! असा आता मिळत नाही. कुठला?"

रेवतीने तोंड उघडलं. पण त्याआधी कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला.

"चोरचोळी आहे ती," आई म्हणाली.

रेवतीचा हात भातावर थांबला.

"मी आणली होती. दिली नाही." आई धापा टाकत बोलत होती, पण मोठ्याने, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हिला दिवस गेले होते. पहिले. गौरीच्याच दिवशी गेलं. मी बायकांना सांगितलं, बाहेरची आहे. सबनीसबाई, तुम्ही होतात. मी खोटं सांगितलं होतं. बाहेरची नव्हती ती."

काकूंनी मान हलवली. "ठाऊक होतं गं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळलं होतं."

रेवती आईजवळ जाऊन खाली बसली. आईने त्या चोळीच्या बाहीवरून, जोडलेल्या पट्टीवरून हात फिरवला. मग मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"उल्के, पान मांडलंय का गं तुझं?"

रेवतीनेच पाट सरकवला, केळीचं पान ठेवलं, बाजूला रांगोळी काढली. मी बसले. पुरणपोळी वाढून झाल्यावर आई म्हणाली, तूप मी वाढणार. रेवतीने तिला धरून आणलं. हात इतका थरथरत होता की निम्मं तूप पानाबाहेर सांडलं.

"जेव," आई म्हणाली. "पोटभर जेव. उठू नकोस."

मी जेवले. दोनदा पोळी मागून घेतली.